इब्न यूनुस यांची नोंद



थोर मुस्लिम शास्त्रज्ञांची नावे आपण समारंभांतून मोठ्या अभिमानाने घेतो. ती अवश्य घ्यावीत. परंतु केवळ नावांची उजळणी करून आपल्या पदरात काय पडणार? त्यापेक्षा त्यांची एखादी चांगली सवय उचलली तर अधिक लाभ होईल. अशाच एका सवयीची हकिकत आज आपणापुढे ठेवीत आहे.

हिजरी सन ३६७, रबीउल आखिरची २८ तारीख, गुरुवार. इसवी सनाप्रमाणे १३ डिसेंबर ९७७. कैरोच्या कराफा भागातील एका मशिदीत काही विद्वान मंडळी सूर्यग्रहण पाहण्यासाठी जमली होती. त्यांत खगोलशास्त्रज्ञ अली इब्न यूनुस होते. त्यांनी लिहून ठेवले की, ग्रहण लागल्याचे दिसले तेव्हा सूर्य क्षितिजापासून १५ अंशांहून अधिक व १६ अंशांहून कमी उंचीवर होता. सूर्यबिंबाच्या व्यासाचे बारा भाग कल्पिले तर त्यांपैकी सुमारे आठ झाकले गेले, यावर सर्वांचे एकमत झाले. ग्रहण सुटले तेव्हा सूर्याची उंची ३३ अंशांहून किंचित अधिक होती.

वाचकहो, या नोंदीकडे नीट पाहा. तारीख आहे, वार आहे, जागा आहे. एकट्याने पाहिले की अनेकांनी, हेही आहे. शिवाय जेथे अंदाज होता तेथे ‘अंदाजे’ असेच लिहिले आहे. आपले ज्ञान अधिक नेमके भासावे म्हणून त्यांनी आकडा गुळगुळीत केला नाही.

इब्न यूनुस यांचे वडील इजिप्तचे इतिहासकार व हदीसचे अभ्यासक होते. हदीस कोणी कोणाकडून ऐकली, ही इस्नादची साखळी तपासल्यावाचून ती स्वीकारायची नाही, ही त्या विद्येची शिस्त आपणांस ठाऊकच आहे. पुत्राच्या ग्रंथातही तीच शिस्त दिसते. खलिफा अल-हाकिम यांच्या नावाने केलेल्या ‘झीज’मध्ये त्यांनी स्वतःच्या निरीक्षणांबरोबरच हबश, अल-माहानी आदी पूर्वसूरींची निरीक्षणे ज्याची त्याच्या नावावर नोंदविली. इ. स. १००९ मध्ये ते निवर्तले.

पुढे काय घडले? १८०४ साली पॅरिसचे अरबी पंडित कोसाँ यांनी या नोंदी फ्रेंच भाषांतरासह प्रसिद्ध केल्या. १८७८ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांनी चंद्राच्या गतीचा अभ्यास करताना त्यांचा आधार घेतला. स्थळ, दिवस व सूर्याची उंची माहीत असली की त्या क्षणाची वेळ गणिताने काढता येते. अशा जुन्या नोंदींवरून पृथ्वीची स्वतःभोवतीची गती मंदावत आहे, हे पडताळता आले. दिवस शंभर वर्षांत सुमारे दोन सहस्रांश सेकंदाने लांबतो. ब्रिटिश संशोधक रिचर्ड स्टीफन्सन यांच्या १९९७ मधील ग्रंथातही अरबी ग्रहणनोंदींना मानाचे स्थान आहे. असा काही उपयोग होईल, हे इब्न यूनुस यांच्या स्वप्नातही नसेल. त्यांनी फक्त जे पाहिले ते इमानाने लिहिले.

याच्या उलट उदाहरणही पाहा. खलिफा मामून यांच्या काळात पृथ्वीच्या एका अंशाची लांबी मोजली गेली. पण नंतरच्या ग्रंथांत कोणी ५६ मैल म्हणतो, कोणी ५६ पूर्णांक दोन तृतीयांश. मतभेद मिटेना, तेव्हा अल-बिरुनी यांनी पंजाबातील नंदना येथे डोंगरावर चढून स्वतः नवे मापन केले आणि त्याची रीतही लिहून ठेवली. मूळ नोंदीचा धागा तुटला की मोठ्या खटाटोपाचे फळही संशयात सापडते.

आता माझी एक कबुली. शाळेत असताना लोलकाच्या प्रयोगात माझा आकडा चुकला. मी तो खोडून शेजारच्या मुलाच्या जर्नलमधला आकडा उतरविला. गुण पूर्ण मिळाले. पण माझा लोलक का चुकत होता, ते मला आजतागायत कळले नाही. कदाचित दोरीची लांबी चुकली असेल, कदाचित आंदोलने मोजताना गफलत झाली असेल. शोधण्याचा पुरावाच मी स्वतःच्या हाताने पुसला होता.

म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रयोगाचा आकडा आला तसा लिहा. तारीख लिहा, कोणत्या साधनाने मोजले ते लिहा, सोबत कोण होते तेही लिहा. चुकले असेल तर एक रेघ मारा, पण खालचा आकडा वाचता येऊ द्या. आणि पालकहो, मुलगा किंवा मुलगी घरी आली की ‘किती गुण मिळाले?’ एवढेच विचारू नका. ‘हे तुला कसे कळले?’ असेही विचारा. या एका प्रश्नाची सवय ज्या घरात रुजेल, त्या घरातील मुलांना इब्न यूनुस यांचे वारस म्हणविण्याचा खरा अधिकार प्राप्त होईल.