तळटीप : म्हैसूरची शाई

* लेखक म्हणतात ती मतदाराच्या बोटावरची शाई म्हैसूरची. नाल्वडी कृष्णराज वाडियार यांनी १९३७ साली काढलेल्या, आज कर्नाटक सरकारच्या असलेल्या कारखान्यात ती १९६२च्या लोकसभा निवडणुकीपासून बनते. तिच्यातल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे उजेडात डाग काळपट होतो. नखावरचा तर नख वाढेपर्यंत हटत नाही. कोरोनाच्या साथीत, मार्च २०२०मध्ये, महाराष्ट्रात गृहविलगीकरणाचे शिक्के हातावर बसू लागले. निवडणूक आयोगाने त्यासाठी ही शाई वापरू दिली, पण मतदानाच्या वेळी अडचण येईल अशा जागी खूण करू नये, असे बजावले. साथीच्या घाईतही मतदाराचे बोट राखले गेले, ही मोठी गोष्ट. — संपादक