राष्ट्रीय छात्र सेना आणि लैंगिक कल

शाळा-महाविद्यालयांतल्या एनसीसीत समलिंगी, उभयलिंगी कलाच्या आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांना प्रवेश, हुद्दा व शिबिराची संधी भेदभावाविना मिळण्याचा हा प्रश्न आहे. १९४८ च्या एनसीसी कायद्याचे सहावे कलम मुलगे आणि मुली एवढेच दोन वर्ग जाणते. लैंगिक कलाविषयी कायद्यात अवाक्षर नाही. ही पोकळी मग लष्कराच्या रिवाजाने भरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी, नवतेज सिंग जोहर खटल्यात, प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. तरी जानेवारी २०१९ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी लष्करात असे चालणार नाही, असे सांगितले. लष्कराला तसे म्हणता येते, कारण सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याची मुभा घटनेचे ३३ वे कलम संसदेला देते. कॅडेट मात्र सैनिक नव्हे. त्याच्यावर प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती नाही, हे एनसीसी कायद्यातच लिहिलेले आहे. शाळेत परेड घेणारा एएनओ, म्हणजे सहयोगी एनसीसी अधिकारी, हाही मुळात शिक्षकच. सकाळी मैदानावर ‘सावधान’ म्हणणारे सर तासाभराने त्याच मुलांची वर्गात हजेरी घेतात. वर्गाचे दार ओलांडल्याने मुलाचा समानतेचा हक्क कमी-जास्त कसा होईल?

नाव नोंदवताना कल कोणी विचारतच नाही, मग भेदभाव कुठला, असा आक्षेप असतो. तो अर्धाच खरा आहे. चालण्या-बोलण्यावरून ‘बायल्या’ म्हणून हिणवलेला मुलगा नोंदणीत अडत नाही. तो अडतो सार्जंटच्या फितीपाशी आणि शिबिराच्या यादीपाशी. कारंजा तालुक्यातल्या कामरगावसारख्या गावच्या मुलाला हे अधिक महागात पडते, कारण एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र हाती असले की लेखी परीक्षेविना थेट अधिकारीपदाच्या मुलाखतीपर्यंत जाता येते, आणि शहराबाहेर अशा वाटा मोजक्याच. तंबूतल्या एकत्र मुक्कामाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण तिथे नियम वर्तनाला लागतो, कलाला नव्हे. शाळकरी कॅडेट अठराच्या आतले असल्याने बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा सर्वांवर सारखाच लागू आहे.

तृतीयपंथीयांपुरती वाट केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये मोकळी केली. १९४८ च्या कायद्याची चौकट दाखवून २०१९ चा तृतीयपंथी हक्क संरक्षण कायदा डावलता येणार नाही, असे म्हणत एका तृतीयपंथी विद्यार्थिनीला मुलींच्या विभागात अर्ज करण्याची मुभा न्यायालयाने दिली. समलिंगी कॅडेटला या निकालाचा थेट आधार नाही, कारण २०१९ चा कायदा लिंगभावाच्या ओळखीपुरता आहे. समलिंगी कॅडेटमागे उभे राहते ते नवतेज निकालातले घटनेच्या १४ व १५ व्या कलमांचे विवेचन. आणि ते मैदानावरच्या सरांपर्यंत पोचायला एनसीसीचा स्वतःचा लेखी आदेश लागेल.