राजाचे मरण आणि लॉर्डांचे मतदान

वादविवाद स्पर्धेसाठी विषय काढायला शिक्षक बसले की 'इच्छामरण : योग्य की अयोग्य?' हा विषय यादीत हटकून येतो. मुलेही तयारी करून येतात. अनुकूल बाजू असाध्य रोगाच्या वेदनांचे वर्णन करते, प्रतिकूल बाजू गैरवापराची भीती घालते, तेवढ्यात घंटा वाजते. अशा स्पर्धांना आम्ही परीक्षक म्हणून बसलो आहोत, आणि दर वेळी एक गोष्ट खटकली आहे. इच्छामरणाचा कायदा नसेल तर मरणाची वेळ निसर्गच ठरवतो, असे दोन्ही बाजू न बोलता धरून चालतात. हे कितपत खरे आहे? इंग्लंडमधील १९३६ या एकाच वर्षाची हकीकत पाहू.

त्याआधी थोडे शब्दांविषयी. 'इच्छामरण' म्हटले की आपल्याला शरपंजरी पडलेले भीष्माचार्य आठवतात. तेथे इच्छा मरणाऱ्याची स्वतःची असते. 'दयामरण' या शब्दात मात्र दया दुसऱ्याची असते, आणि मरणाऱ्याला विचारले की नाही, हे त्या शब्दावरून कळत नाही. वर्तमानपत्रांतून हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. इंग्रजीतला 'युथनेशिया' हा शब्द मुळात ग्रीक, त्याचा अर्थ नुसता 'चांगले मरण'. फ्रान्सिस बेकनने १६०५ मध्ये तो वैद्यांच्या संदर्भात वापरला तेव्हाही, मरणाऱ्याचे क्लेश हलके करणे हे वैद्याचे काम आहे, एवढेच त्याला म्हणायचे होते. मरण घडवून आणण्याचा विषय त्यात नव्हता.

तो विषय निघाला रसायनशास्त्रामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन औषधविक्रेता सेर्ट्युर्नर याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी आले आणि १८५० नंतरच्या दशकात कातडीखाली औषध टोचण्याची पिचकारी आली. वेदना शमवणारे शुद्ध द्रव्य मोजून देण्याची सोय झाली, आणि तेच द्रव्य अधिक दिले तर श्वास थांबतो हेही दिसू लागले. रक्तातला कार्बन डायॉक्साइड वाढला की मेंदूच्या देठातले श्वसनकेंद्र श्वासाचा वेग वाढवते. मॉर्फिनमुळे त्या केंद्राची ही जाणीव बोथट होते. १८७० मध्ये बर्मिंगहॅमच्या एका चर्चामंडळाच्या निबंधसंग्रहात सॅम्युएल विल्यम्स नावाच्या गृहस्थाने उघडच लिहिले की, असाध्य आणि वेदनामय आजारात रुग्णाची इच्छा असेल तर डॉक्टरने क्लोरोफॉर्मसारख्या द्रव्याने त्याचा शेवट करावा. विल्यम्स डॉक्टर नव्हते. त्यांची ओळख शाळामास्तर अशी दिली जाते, हे आमच्या वाचकांना सांगितले पाहिजे!

पुढची साठ वर्षे चर्चा कागदावरच राहिली. लेस्टर शहराचे आरोग्य अधिकारी डॉ. किलिक मिलार्ड यांनी १९३१ मध्ये आपल्या व्यावसायिक संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात हा प्रश्न उचलला. १९३५ मध्ये ऐच्छिक युथनेशिया कायदेशीर व्हावा म्हणून एक संस्था निघाली, आणि तिने विधेयक तयार केले. रुग्ण सज्ञान हवा, रोग असाध्य, प्राणघातक आणि तीव्र वेदनेचा हवा, अर्जावर दोन साक्षीदार हवेत, दोन डॉक्टरांचे दाखले हवेत, आणि सरकारने नेमलेल्या पंचाने रुग्णाला प्रत्यक्ष भेटून खात्री करून घ्यावी, अशा त्यातल्या अटी होत्या.

संस्था निघून काही आठवडे झाले आणि राजे पाचवे जॉर्ज सँड्रिंगहॅमच्या वाड्यात अंथरुणाला खिळले. वय सत्तर, छातीचा जुना विकार, भरपूर धूम्रपान, आता हृदयही थकलेले. उपचार करणारे होते लॉर्ड डॉसन, रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे त्या वेळचे अध्यक्ष. २० जानेवारी १९३६ च्या रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांनी एका मेनूकार्डाच्या पाठीवर दोन ओळी खरडल्या : राजाचे आयुष्य शांतपणे शेवटाकडे सरकत आहे. नभोवाणीवरून हे निवेदन देशभर ऐकले गेले, आणि आजही ते निवेदनाचा नमुना म्हणून सांगितले जाते.

अकराच्या सुमारास डॉसनना वाटले की ही अवस्था आणखी कित्येक तास लांबेल. त्यांनी राजाच्या मानेच्या शिरेत पाऊण ग्रेन मॉर्फिन आणि थोड्या वेळाने एक ग्रेन कोकेन स्वतः टोचले. बाराला पाच मिनिटे असताना राजे वारले. एवढी घाई कशासाठी? डॉसननी आपल्या टिपणात कारण लिहून ठेवले आहे : बातमी सकाळच्या 'द टाइम्स'मध्ये यावी, संध्याकाळच्या कमी प्रतिष्ठेच्या पत्रांत पहिल्यांदा येऊ नये. लंडनला पत्नीला फोन करून 'टाइम्स'ला अंक थांबवून ठेवण्यास सांगा, असेही त्यांनी कळवले होते. जगण्याची आशा नसेल तर आयुष्य उगाच लांबवू नये, असे राणीने आणि युवराजाने त्यांना सांगितले होते. इंजेक्शनासंबंधी त्यांना विचारल्याची नोंद नाही. राजाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता, तो बेशुद्ध होता.

त्याच वर्षी १ डिसेंबरला लॉर्ड पॉन्सनबी यांनी मांडलेले ते विधेयक लॉर्ड्‌सच्या सभागृहात चर्चेला आले आणि विरोधात बोलायला लॉर्ड डॉसन उभे राहिले! आयुष्य थोडे कमी झाले तरी मरण सुसह्य करावे ही भावना वैद्यकात हळूहळू रुजली आहे, असे त्यांनी कबूल केले. पण हा विषय डॉक्टरच्या सदसद्विवेकाचा आहे, कायद्याने त्यात पडू नये, असे त्यांचे म्हणणे होते. अर्ज, दाखले आणि पंच यांची मिरवणूक मरणाऱ्याच्या खोलीत कशाला? विधेयक १४ विरुद्ध ३५ मतांनी फेटाळले गेले. दहा महिन्यांपूर्वी सँड्रिंगहॅमला काय झाले ते त्या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांना ठाऊक नव्हते.

डॉसन १९४५ मध्ये वारले. त्यांचे चरित्रकार फ्रान्सिस वॉटसन यांनी १९५० च्या चरित्रात हा भाग गाळला, आणि १९८६ मध्ये तो एका इतिहासविषयक मासिकात छापला. म्हणजे पन्नास वर्षे गेली. आमच्या प्रयोगशाळेत मॉर्फिनची कुपी येते तेव्हा कुलूपबंद कपाट, नोंदवही आणि प्रत्येक मिलिग्रॅमपुढे दोन सह्या असा सारा थाट असतो. उंदरांना दिलेल्या औषधाचा हिशेब आम्हाला द्यावा लागतो. राजाला दिलेल्याचा कोणी मागितला नाही.

डॉसनना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण आम्हाला ते पटत नाही. पंच येऊन रुग्णाला प्रश्न विचारतो आहे, हे चित्र आजही अंगावर काटा आणते. त्यांची शंका पोकळ नव्हती. मात्र वेदनाशमनाच्या तत्त्वातही त्यांची कृती बसत नाही. १९५७ मध्ये डॉ. बॉडकिन ॲडम्स यांच्या खटल्यात न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी ज्युरीला सांगितले की, वेदना कमी करण्यासाठी योग्य आणि आवश्यक ते सारे डॉक्टरने करावे, त्यात ओघाने आयुष्य थोडे घटले तरी हरकत नाही. बेशुद्ध राजाला शमवण्यासारखी वेदना होत असल्याचे डॉसननी लिहिलेले नाही. त्यांनी शेवटाची वेळ ठरवली, आणि ती एकट्याने ठरवली.

मधल्या काळात जर्मनीत जे घडले त्याने हा विषय काळवंडला. ऑक्टोबर १९३९ मध्ये हिटलरने मागील तारीख घालून एका चिठ्ठीवर सही केली, आणि पुढच्या दोनएक वर्षांत मनोरुग्ण व अपंग अशा सत्तर हजारांहून अधिक माणसांना विषारी वायूने मारण्यात आले. चिठ्ठीतल्या जर्मन शब्दाचे शब्दशः मराठी 'दयामरण' असेच होईल. इच्छा कोणाची, हे त्यात कुठेच नव्हते.

वेदनेच्या बाजूने खरी प्रगती केली ती सिसिली साँडर्स यांनी. आधी परिचारिका, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि १९५७ मध्ये डॉक्टर. वेदना उसळल्यावर मॉर्फिन देण्याऐवजी ती परतण्याआधीच, घड्याळ लावून, ठरावीक अंतराने द्यायचे, ही पद्धत त्यांनी रुजवली. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. युथनेशियाला त्यांचा कायम विरोध होता. आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईला शांती आवेदना सदन निघाले, पण १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यामुळे कॅन्सरच्या रुग्णांनाही मॉर्फिन दुरापास्त झाले होते. ती गाठ सैल करायला २०१४ ची दुरुस्ती यावी लागली.

भारताचा या इंग्रजी इतिहासाशी आणखी एक धागा आहे. हिल्सबरोच्या मैदानावरील १९८९ च्या चेंगराचेंगरीनंतर जाणीव कायमची हरवलेल्या टोनी ब्लँड या तरुणाचे कृत्रिम अन्न थांबवण्यास लॉर्ड्‌सच्या न्यायपीठाने १९९३ मध्ये मान्यता दिली. ७ मार्च २०११ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्याविषयी निकाल देताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालाचा मोठा आधार घेतला. उपचार थांबवणे काही अटींवर मान्य झाले. अरुणाबाईंच्या बाबतीत मात्र तशी परवानगी मिळाली नाही, कारण त्यांची वर्षानुवर्षे सेवा करणारा रुग्णालयाचा परिचारकवर्ग त्याला तयार नव्हता. २०१८ मध्ये घटनापीठाने आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्रालाही मान्यता दिली. ते करण्याची किचकट रीत २०२३ मध्ये सोपी केली गेली.

इंग्लंडात २० जून २०२५ रोजी कॉमन्स सभागृहाने नवे विधेयक ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केले, आणि ते लॉर्ड्‌सकडे गेले. सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित असलेल्या सज्ञान रुग्णांसाठी ते आहे. १९३६ च्या मसुद्यातले दोन डॉक्टर त्यात आहेत, आणि एकट्या पंचाच्या जागी कायदेतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ आणि समाजसेवक अशा तिघांचे मंडळ आहे. औषध मात्र डॉक्टरने टोचायचे नाही, रुग्णाने स्वतःच्या हाताने घ्यायचे आहे.