सांगितले ऐकणारी एला

मंडळी, एखादी मुलगी कशी आहे असे विचारले, की आपल्याकडे उत्तर ठरलेले: "फार गुणी हो! सांगितल्या शब्दाबाहेर नाही." अशाच एका मुलीची गोष्ट आज तुम्हांला सांगायची आहे. पण आधी तिच्या पणजीची ओळख करून घेऊ.

ही पणजी म्हणजे सिंड्रेला. सावत्र आईचा जाच, चुलीजवळची राख आणि हरवलेला जोडा, ही तिची खूण. नवव्या शतकात चीनमध्ये तुआन छंगशी याने लिहून ठेवलेल्या कथेत तिचे नाव ये शिएन. तिला माशाची हाडे साह्य करतात. इटलीत बासिलेची कथा १६३४ साली छापली गेली. फ्रान्समध्ये पेरोने १६९७ साली तिला भोपळ्याचा रथ आणि काचेचा जोडा दिला. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ साली आईच्या थडग्यावरचे झाड आणि पाखरे तिच्या मदतीला आणली. १८९३ साली मेरियन कॉक्स या इंग्रज बाईंनी अशा आणि यांच्या जवळच्या मिळून ३४५ कथा गोळा केल्या. अहो, आपल्या शेजारच्या कानडी मुलुखातही तिची एक बहीण आहे. मातीच्या मुखवट्याआड तोंड लपवणारी ती हंची! ए. के. रामानुजन यांनी तिची कथा दूरवर पोहोचवली.

आता एक प्रश्न विचारतो. ही पोर एवढा छळ होत असता निमूट का राबते? "नाही" का म्हणत नाही?

न्यूयॉर्कच्या गेल कार्सन लेव्हिन या लेखिकेलाही हाच प्रश्न पडला. कादंबरी लिहायला बसल्या, तर ही अति-गोड नायिका त्यांच्या गळी उतरेना. मग त्यांनी तोड काढली: हे वळण नव्हेच, हा शाप आहे! त्यातून १९९७ साली 'एला एन्चँटेड' ही कादंबरी आली. पुढच्याच वर्षी न्यूबेरी सन्मानाच्या पुस्तकांत तिची निवड झाली आणि २००४ साली तिच्यावर चित्रपटही निघाला.

एला जन्मली तेव्हा लूसिंडा नावाची परी येते आणि तिला आज्ञाधारकपणाचे 'वरदान' देते. झाले! जो कोणी हुकूम करील, तो एलाने पाळलाच पाहिजे. मोडू गेली तर जीव कासावीस होतो. आई वारते. सावत्र बहिणीला हे गुपित उमगते, आणि एलाच्या आईची माळ ती एका हुकमासरशी हिरावून घेते. एला मात्र बावळट नाही. हुकूम पाळता पाळता ती त्यातूनही पळवाट शोधते.

शेवटी राजपुत्र मागणी घालतो. मनातून तिला तेच हवे असते. पण उद्या कोणी राजपुत्राचाच जीव घ्यायला सांगितले तर? या भयाने ती स्वतःशी झुंजते आणि "नाही" म्हणते. त्या एका शब्दासरशी शाप तुटतो. मग ती आपखुशीने होकार देते.

पाहा, पेरोच्या कथेत परीची कांडी मुलीचे नशीब बदलते. इथे परीनेच घोटाळा केला, आणि तो निस्तरला मुलीने.

गुरुजन हो, वर्गात शांतता हवी, शिस्त हवी, हे खरेच. पण एखादी मुलगी सदाच मान डोलावत असेल, तर तिला गुणी म्हणण्याआधी एकदा जवळ बसवून विचारा, "बाळ, तुला काय वाटतं?" आणि ती "नाही" म्हणाली, तर रागावू नका बरे!