फुकट मालाचा व्यापार

जो माल कोणालाही फुकट मिळतो, त्याचें दुकान चालावें कसें? प्रश्न थट्टेचा वाटतो. परंतु गेल्या चाळीस वर्षांत अमेरिकेंतील कित्येक हुशार माणसांनीं त्याचा पिच्छा पुरविला आहे, आणि त्यांना सांपडलेल्या उत्तरावर आज बँकांचे, सरकारी कचेऱ्यांचे व प्रयोगशाळांचे संगणक चालत आहेत.

संगणक घरोघरीं पोंचला असला तरी एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे. संगणकाच्या आज्ञावलीचीं रूपें दोन असतात. एक यंत्राला कळणारें आणि दुसरें माणसाला वाचतां येणारें. बहुतेक कंपन्या पहिलें विकीत व दुसरें कुलपांत ठेवीत. हें कुलूप काढण्याचा उद्योग रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं जाहीर केला. १९८५ पासून ते आपली ‘ईमॅक्स’ ही आज्ञावली टेपवर भरून १५० डॉलरना विकूं लागले. मात्र घेणाऱ्यानें तिच्या हव्या तितक्या नकला काढून वाटाव्या, यास त्यांची मुळींच हरकत नव्हती. १९८९ सालीं त्यांनीं जीपीएल नांवाचा परवाना तयार केला. त्याचें मर्म इतकेंच कीं, ज्याला आज्ञावली द्यावयाची, त्याला तिची वाचतां येणारी प्रत आणि ती बदलण्याचा व पुढें वाटण्याचा अधिकारही दिला पाहिजे. स्टॉलमन यांना हवें होतें तें स्वातंत्र्य, फुकटेपणा नव्हे. पण ज्याची नक्कल कोणीही काढूं शकतो, त्याची बाजारांतील किंमत शून्याकडे जाते, हें कांहीं टळत नाहीं.

त्याच वर्षीं मायकेल टीमन, डेव्हिड हेंकेल-वॉलेस आणि जॉन गिलमोर यांनीं कॅलिफोर्नियांत अवघ्या सहा हजार डॉलरांच्या भांडवलावर ‘सिग्नस’ ही कंपनी काढली. माल फुकट, दुरुस्ती आणि सल्ला विकत, असा त्यांचा बेत होता. कायदा वकिलाच्या मालकीचा नसतो, तरी फी त्यालाच द्यावी लागते; तसाच हा प्रकार.

१९९१ सालीं फिनलंडच्या लिनस टॉरव्हल्ड्स यांचा लिनक्स आला आणि या व्यापाराला खरा माल मिळाला. मार्क युइंग नांवाचा तरुण कॉलेजांत असतांना आजोबांची लाल टोपी घालून हिंडे. त्यानें आपल्या लिनक्सला ‘रेड हॅट’ हें नांव दिलें. १९९५ सालीं बॉब यंग यांनीं त्याचा धंदा आपल्या धंद्यांत मिळवून घेतला. बॉनेट झाळून कायमचें बंद केलेली मोटार तुम्ही घ्याल काय, असें ते गिऱ्हाइकांना विचारीत. ११ ऑगस्ट १९९९ रोजीं कंपनीचे शेअर बाजारांत आले आणि १४ डॉलरचा शेअर दिवसअखेर ५२ च्या घरांत गेला.

एवढ्यानें कोडें सुटलें नव्हतें. एक डबा विकत घेऊन त्यांतील तबकडी शंभर यंत्रांवर चढविणें अगदीं कायदेशीर होतें. मग नफा यावा कोठून? शिवाय वरचेवर निघणाऱ्या नव्या आवृत्त्या बँकांना नकोशा होत. बँकेला नाविन्य नको असतें, काल चाललेलें यंत्र उद्यां चालेल याची हमी हवी असते. २००२ सालीं कंपनीनें नेमकी हीच हमी विकावयास काढली. दरसाल वर्गणी भरावी. कंपनी त्याच आवृत्तीची वर्षानुवर्षें डागडुजी करील. पुढें ही मुदत दहा वर्षांवर गेली. २००३ सालीं जुनी स्वस्त आवृत्ति बंद करण्याचें जाहीर झालें आणि जुन्या चाहत्यांना आपण वाऱ्यावर पडलों असें वाटलें. तें साहजिकच होतें; पण धंदा तरला तो याच निर्णयानें. २०१२ च्या हिशेबी वर्षांत कंपनीचें उत्पन्न एक अब्ज डॉलरच्या वर गेलें.

या कंपनीचें एक मोठें कार्यालय पुण्यांत आहे. २००४ सालीं तिनें भारतीय लिप्यांचे ‘लोहित’ टंक खुले केले व त्यांत देवनागरीही होती. लोहित म्हणजे लाल. टोपीचा रंग अक्षरांतही उतरला!

परवान्यामुळें मूळ लेखन उघडें, म्हणून हुबेहूब नकला निघणें अपरिहार्यच होतें. २००४ सालीं ‘सेंटओएस’ ही फुकट नक्कल निघाली. जिनिव्हाजवळची सर्न व शिकागोजवळची फर्मीलॅब या सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांनींही त्याच साली ‘सायंटिफिक लिनक्स’ ही आपली निराळी नक्कल सिद्ध केली. हमी देणारे तज्ज्ञ घरींच असतां वर्गणी कां भरावी? २०१४ सालीं सेंटओएस रेड हॅटच्या छत्राखालीं आलें. २०१९ सालीं प्रयोगशाळांनीं आपली नक्कल पुढें न नेतां सेंटओएसवर विसंबण्याचें ठरविलें. त्याच वर्षीं आयबीएमनें ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतली.

आणि डिसेंबर २०२० मध्यें घोषणा झाली कीं, २०२९ पर्यंत चालेल असें समजलें गेलेलें सेंटओएस ८ हें २०२१ अखेर बंद होणार. ज्या वचनाच्या बळावर व्यापार उभा राहिला, त्याच वचनाला फुकट गिऱ्हाइकांपुरती किंमत उरली नाहीं. पैसे न देणाऱ्याला वचन मागण्याचा हक्क नाहीं, असें म्हणतां येईल. परंतु पुष्कळशी मूळ आज्ञावलीही वेतनाची अपेक्षा न धरणाऱ्यांनींच लिहिलेली होती, हें विसरून कसें चालेल?

२०२१ सालीं अल्मालिनक्स व रॉकीलिनक्स या नव्या नकला निघाल्या. डिसेंबर २०२२ मध्यें सर्न व फर्मीलॅब यांनीं अल्मालिनक्सची शिफारस केली. जून २०२३ मध्यें रेड हॅटनें आपल्या पक्क्या आवृत्तीचें मूळ लेखन केवळ वर्गणीदारांपुरतें ठेवलें. नुसती नक्कल काढणारे मालांत कांहींच भर घालीत नाहींत, असें तिचें म्हणणें होतें. पुढच्याच महिन्यांत अल्मालिनक्सनें हुबेहूब नक्कल करण्याचा नाद सोडला आणि रेड हॅटवर चालणारी आज्ञावली आपल्याकडेही चालावी, एवढेंच ध्येय ठेवून दोष शोधण्याचें व ते दुरुस्त करण्याचें काम स्वतःच्या अंगावर घेतलें.