पूर्वगुन्हा आणि पात्रता : अमेरिकेतील सुरक्षा-मंजुरीचा इतिहास

शासनाच्या गोपनीय माहितीपर्यंत कोणास पोहोचू द्यावे, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत प्रथम राजकीय निष्ठेचा प्रश्न म्हणून हाताळला गेला. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या १९४७ मधील आदेश क्र. ९८३५ चा रोख मुख्यतः कम्युनिस्ट संबंधांवर होता. २७ एप्रिल १९५३ रोजी आयझेनहॉवर यांनी काढलेल्या आदेश क्र. १०४५० ने ही कक्षा व्यापक केली. गुन्हेगारी, अप्रामाणिक व अनैतिक वर्तन, अतिमद्यपान आणि व्यसनाधीनता हे निकष त्यात आले. गुन्हा, आजार आणि खाजगी जीवन यांची एकाच यादीत बांधलेली ही मोट तर्कदृष्ट्या ढिसाळच होती. 'लैंगिक विकृती' या शब्दप्रयोगाच्या आधारे असंख्य समलिंगी कर्मचाऱ्यांना नोकरीस मुकावे लागले.

ग्रीन विरुद्ध मॅकेलरॉय (१९५९) या निर्णयानंतर, १९६० च्या आदेश क्र. १०८६५ ने खाजगी कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांना सुनावणीचा हक्क दिला. प्रत्यक्ष शासकीय सेवकास मात्र तितके संरक्षण लाभले नाही. या विसंगतीचे परिणाम थॉमस ईगन या कामगाराच्या प्रकरणात ठळकपणे दिसून आले.

वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टन येथील नौदलाच्या ट्रायडेंट दुरुस्ती केंद्रात ईगन १९८१ मध्ये रुजू झाला. पाणबुड्यांशी संबंधित कामासाठी सुरक्षा-मंजुरी अनिवार्य होती. चौकशीत मारहाण व बेकायदेशीर शस्त्र बाळगणे यांबद्दलच्या शिक्षा निदर्शनास आल्या. भरलेले शस्त्र जवळ बाळगल्याच्या आणखी दोन जुन्या शिक्षा त्याने अर्जात नमूद केल्या नव्हत्या, तसेच मद्यपानाचा पूर्वेतिहासही होता. आपण शिक्षा भोगून समाजाचे देणे फेडले आहे, सात वर्षांपूर्वीची माहिती अर्जात मागितली आहे असे वाटले नाही आणि गेली तीन वर्षे मद्याचा त्रास नाही, असे त्याचे उत्तर होते. वरिष्ठांचे अनुकूल अभिप्रायही त्याने जोडले. तथापि १९८३ मध्ये मंजुरी नाकारण्यात आली व त्याच कारणाने त्याला सेवेतून दूर करण्यात आले.

पुढील पाच वर्षांत या वादाचे स्वरूपच पालटले. ईगन सुधारला आहे काय, हा मूळ प्रश्न मागे पडला आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न पुढे आला. शासकीय सेवकांची अपिले ऐकणाऱ्या मंडळास मंजुरीच्या नकाराची गुणवत्ता तपासता येते, असे संघीय अपील न्यायालयाने मानले. सर्वोच्च न्यायालयाने २३ फेब्रुवारी १९८८ रोजी पाच विरुद्ध तीन अशा बहुमताने हा निर्णय फिरविला. मंजुरी हा कोणाचाही हक्क नसून संभाव्य धोक्याविषयीचा तो कार्यकारी विभागाचा अंदाज आहे, अशी न्या. ब्लॅकमन यांच्या निकालपत्राची भूमिका होती. न्या. व्हाइट यांच्यासह तिघांनी भिन्नमत नोंदविले. फौजदारी न्यायात संशयाचा फायदा आरोपीस मिळतो, तर येथे तो शासनास मिळाला.

१९९५ च्या आदेश क्र. १२९६८ ने लेखी कारणे व अपिलाची तरतूद करून ही उणीव अंशतः भरून काढली. मात्र २००० मध्ये काँग्रेसने संरक्षण विभागापुरता कठोर कायदा केला. एक वर्षाहून अधिक कारावासाची शिक्षा सुनावली गेलेली व्यक्ती, अपवादात्मक सवलत वगळता, अपात्र ठरू लागली. शिक्षा स्थगित झाली असली तरी सुटका नव्हती. त्यामुळे वर्षानुवर्षे निर्वेधपणे काम करणाऱ्यांचीही मंजुरी पुनर्तपासणीच्या वेळी धोक्यात आली. २००४ मध्ये प्रत्यक्ष एक वर्ष तुरुंगवास भोगल्याची अट घालण्यात आली. २००८ मध्ये हा कायदाच रद्द होऊन, विशेष प्रवेश कार्यक्रम, अण्वस्त्रविषयक माहिती आणि संवेदनशील गुप्तवार्ता यांपुरतेच बंधन उरले, पण ते सर्व विभागांना लागू झाले.

२०१७ पासून लागू झालेल्या तेरा मार्गदर्शक तत्त्वांत गुन्हेगारी वर्तनाचे स्वतंत्र कलम आहे. लोटलेला काळ, नुकसानभरपाई, शिक्षण व नोकरीतील चांगली कामगिरी हे घटक त्यात अर्जदाराच्या बाजूने मोजले जातात. हेतुतः केलेली लपवणूक मात्र वेगळ्या कलमाखाली, स्वतंत्र दोष म्हणून पाहिली जाते. ईगनने ज्या सात वर्षांच्या मर्यादेचा आधार घेतला होता, ती नंतरच्या सुधारित अर्जात सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी कायम राहिली, परंतु शस्त्रांसंबंधीच्या गुन्ह्यांबाबत 'आयुष्यात कधीही' असा प्रश्न त्यात स्पष्टपणे विचारला गेला.