'एस्क्युलेन्टा' : एका विषारी भूछत्राचे नाव आणि त्याची ओळख

शास्त्रीय नाम वस्तूचा गुण सांगते, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. 'जायरोमित्रा एस्क्युलेन्टा' हे नाव त्या समजुतीला उघड छेद देते. 'एस्क्युलेन्टा' या लॅटिन विशेषणाचा अर्थ 'खाण्यास योग्य' असा आहे. आणि ज्या भूछत्रास ते कायमचे चिकटले आहे, ते कच्चे अथवा अपुरे शिजवून खाल्ल्यास प्राणावर बेतू शकते.

या विसंगतीचे मूळ साम्यात आहे. उत्तर भारतात 'गुच्छी' म्हणून विकली जाणारी अळंबी युरोपातही फार पूर्वीपासून पक्वान्न मानली जाते. लिनियसने १७५३ मध्ये तिच्या नावात 'खाद्य' हेच विशेषण घातले होते. तिच्याप्रमाणेच वसंत ऋतूत उगवणाऱ्या, तपकिरी व सुरकुतलेल्या दुसऱ्या एका भूछत्रास पर्सूनने १८०० मध्ये 'हेल्वेल्ला एस्क्युलेन्टा' असे नाव दिले. पर्सूनची ही चूक म्हणणे अन्यायाचे होईल. लोक ते खातच होते. १८४९ मध्ये फ्रीसने त्यासाठी 'जायरोमित्रा' ही निराळी प्रजाती मांडली. जातिवाचक विशेषण मात्र नामकरणाच्या अग्रक्रम-नियमानुसार तसेच राहिले.

लोकभाषांतही हाच प्रकार आढळतो. जर्मनमध्ये खाद्य अळंबी 'मोर्खेल', तर तिची विषारी प्रतिमा 'लोर्खेल'. दुसरा शब्द पहिल्याच्या साच्यात घडला आहे. एका वर्णाच्या फरकावर जीवनमरणाचा भेद सोपविण्याचे असे उदाहरण विरळाच. मराठीत 'अळंबी' आणि 'कुत्र्याची छत्री' हे शब्द निदान परस्परांपासून दूर उभे आहेत. तथापि तेही उपयोग सांगतात, रूप सांगत नाहीत. कोणती छत्री कुत्र्याची, हे ज्याने त्याने आधीच जाणलेले असावे लागते.

रूपावरून ओळख पटविणे अशक्य नाही. गुच्छीच्या टोपीवर मधाच्या पोळ्यासारखे खळगे व त्यांभोवती कंगोरे असतात. जायरोमित्राची टोपी मेंदूच्या वळ्यांसारखी असते, तीत खरे खळगे नसतात. पण वाढ झालेल्या किंवा सुकलेल्या नमुन्यात हा भेद अंधुक होतो. अधिक विश्वसनीय खूण आत असते. भूछत्र उभे चिरले असता गुच्छी टोपीच्या टोकापासून देठाच्या तळापर्यंत एकसलग पोकळ दिसते. जायरोमित्रात पोकळीचे अनेक कप्पे पडलेले असतात. बाजारातील टोपलीवर नुसती नजर टाकणाऱ्यास ही खूण कळणे शक्य नव्हते.

खूण ठाऊक असूनही ओळख पक्की का झाली नाही, हा इतिहासाचा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर विषाच्या स्वभावात सापडते. एकाच पातेल्यातील पदार्थ खाऊन एक जण मरणासन्न व्हावा आणि दुसऱ्यास काहीच होऊ नये, असे वारंवार घडे. साहजिकच दोष कधी जुन्या मालावर, कधी खाणाऱ्याच्या प्रकृतीवर, तर कधी दुसऱ्याच कुठल्या जातीवर ढकलला गेला. १८८५ मध्ये बोम व क्यूल्झ यांनी 'हेल्वेल्लिक आम्ल' हे विषद्रव्य म्हणून पुढे केले, आणि ते मत दीर्घकाळ टिकले. १९६० नंतरच्या दशकात लिस्ट व लुफ्ट यांनी जायरोमित्रिन वेगळे केले, तेव्हा कोडे उलगडले. त्याच्या विघटनातून मोनोमिथिलहायड्राझिन निर्माण होते; हे द्रव्य अग्निबाणांच्या इंधनातही वापरले जाते. ते सुमारे ८७ अंश सेल्सियसला उकळते व पाण्यातही उतरते. म्हणून उकळून पाणी टाकून दिल्यास विष बरेच घटते, सुकविल्यानेही घटते, परंतु पूर्णतः जाईलच असे नाही. शिवाय निरुपद्रवी व घातक मात्रांमधील अंतर थोडे असते. बंद स्वयंपाकघरात पातेल्यावर वाकलेल्या व्यक्तीस तर न खाताही वाफेतून बाधा होऊ शकते. उलट्या सुरू होण्यास बहुधा काही तास जातात, त्यामुळे जेवणाशी त्यांचा संबंध जोडणेही अवघड होई.

फिनलंडमध्ये ते 'कोर्वासिएनी', म्हणजे 'कानभूछत्र', या नावाने अद्यापि विकले जाते. मात्र विक्रीबरोबर धोक्याची सूचना द्यावी लागते, आणि भरपूर पाण्यात दोनदा उकळून प्रत्येक वेळी पाणी ओतून देण्याची रीत सांगितली जाते. जर्मनमध्ये पूर्वी त्यास 'श्पाइजेलोर्खेल', म्हणजे 'खाण्याची लोर्खेल', म्हणत. पुढे 'गिफ्टलोर्खेल', 'विषाची लोर्खेल', हा शब्दही रूढ झाला. लॅटिन नाव बदललेले नाही.